ज्या कादंबरीत तो परत येत नाही

"युद्धाची कादंबरी हवी आहे. जुन्या काळातली," सुरुची म्हणाली. हातातला मोबाईल तिने घट्ट धरला होता.

तेजसचा फोन परवापासून लागत नव्हता. तिचा नवरा, कॅप्टन तेजस, पूंछजवळ सीमेवर होता. घरी टीव्हीवर दिवसभर युद्धाच्या बातम्यांत भोंगे वाजत होते आणि सासूबाई तो बंद करू देत नव्हत्या. शेवटी सातव्या महिन्याचं पोट सांभाळत ती सदाशिव पेठेतल्या वाचनालयाचा जिना चढून आली होती.

ग्रंथपाल मंदाकिनीताई तुसड्या म्हणून साऱ्या पेठेला ठाऊक. पण ऐतिहासिक कादंबरी सुचवावी तर त्यांनीच. त्यांनी तीन पुस्तकं टेबलावर ठेवली.

"ही पानिपतावरची. ही किल्ल्याच्या वेढ्याची. सुरुवातीची पानं सोसा, मग खाली ठेववणार नाही. आणि ही महायुद्धातली, आपले शिपाई इटलीत लढतात ती."

"ह्यात तो शेवटी परत येतो?"

"शेवटच वाचायचा असेल तर इथेच उभ्यानं वाचा. घरी कशाला न्यायची?"

सुरुची हसली नाही. तेवढ्यात मोबाईल थरथरला. तिने घाईने स्क्रीन पाहिला. कुठल्याशा सेलची जाहिरात होती. तिने टेबलाची कड धरली.

"मला ती द्या," ती म्हणाली, "जिच्यात तो परत येत नाही."

ताईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पोटाकडे, मग त्या मोबाईलकडे. "अहो, अशा दिवसांत असलं वाचू नये."

"घरी कुणी बोलूच देत नाही हो. तोंड उघडलं की 'अभद्र बोलू नकोस' म्हणतात. मला फक्त बघायचंय, त्याच्या बायकोचं पुढे काय होतं. दुसऱ्या दिवशी ती उठते का. कशी उठते."

ताई उठून कपाटाशी गेल्या. एकेक पुस्तक काढून शेवटची पानं चाळू लागल्या. एकात तोफा थंडावल्या होत्या. एकात गडावर निशाण चढलं होतं. एकात चिता पेटली होती. पुढे कोरं पान. शेवटचं पुस्तक त्यांनी परत फळीवर सरकवलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "असं पुस्तक आपल्याकडे नाही."

सुरुचीने मान हलवली आणि ती जिन्याकडे वळली.

"थांब."

त्या पहिल्यांदाच तिला एकेरीत बोलल्या. त्यांनी आपली खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली. "आमचे हे कारगिलच्या युद्धातून परत आले नाहीत, तेव्हा माझा मुलगा केयूर पोटात होता. बस. विचार काय विचारायचं ते."

सुरुची बसली. डोक्यात घोंघावणारे सगळे प्रश्न एकदम कुठे गेले कळेना. ओठांवर आला तो अगदीच साधा.

"त्या दिवशी... तुम्ही जेवलात?"

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाली स्कूटरींचे हॉर्न वाजत होते.

"जेवले," त्या म्हणाल्या. "भूक लागली होती गं. खूप."