लाल रंग गेला तेव्हा

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या फोटोत बायकोचा, शैलाचा चेहरा फिका पडू लागला, तेव्हा मोहनीराज टिपऱ्यांना वाटलं, शाईच बिघडली.

ज्याचा फोटो, त्याच्या रक्ताचा थेंब त्या शाईत असे आणि त्याचं काळीज चालू असेपर्यंत रंग ताजा राही. शाई टिपऱ्यांनीच बनवली होती. पण गेला महिनाभर लाल रंग छपाईयंत्राच्या बारीक छिद्रांत अडकत होता आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत होत्या. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या कुंदाताईंना हाक मारली.

"ग्लिसरीन जास्त झालंय, बघा."

"साहेब, आधी घरी फोन तरी करा."

"अहो, ओठ पहिले गेलेत. या लाल रंगाचीच खोड आहे ही."

चाळीस मिनिटं ते ग्लिसरीन कमी करून नवे नमुने काढत बसले. तोवर फोटोचा कोरा कागद झाला होता. मग शेजाऱ्यांचा फोन आला. शैला स्वयंपाकघरात पडलेली सापडली होती. "अर्धा तास आधी आणलं असतं तर," एवढंच डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला मेहुणी सुमन हार घेऊन आली आणि कोऱ्या चौकटीसमोर थांबली.

"भाऊजी, रंग एकदम गेला का हो?"

"एकदम."

"मग बरं. फार हाल झाले नाहीत म्हणायचे ताईचे."

तिनं चौकटीला हार घातला. टिपऱ्यांनी तिच्यासाठी चहा ठेवला.

खरं काय झालं ते तिला सांगायचं अजून राहिलं आहे.