सुकाणूला बांधलेली दोरी

कारखाना लेकीच्या हवाली करून आठवडा झाला, तरी आमचे हे तासातासाला तिला फोन करत होते. म्हणून सकाळीच त्यांना शिडाच्या होडीवर घेऊन आले. इथेही तेच! सुकाणूचा दांडा मुठीत घट्ट आवळलेला, आणि होडीमागे पाण्यात उमटणारी रेघ मात्र नागमोडी.

"चला, आत चहा घेऊ."

"आणि होडी? दोन मिनिटांत भरकटेल."

समोर सगळं मोकळं पाणी होतं. मी शीड जरा सैल केलं, होडी सरळ चालतेय ना ते पाहिलं आणि दांडा दोरीने दोन्हीकडून बांधून टाकला.

चहा उकळेपर्यंत हे चारदा दारातून डोकावले. पाचव्यांदा डोकावले ते तिथेच थबकले. मागची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"वारा बदलला असेल," ते पुटपुटले.

"वारा तोच आहे. फक्त तुमचा हात नाही."

दुपारी लेकीचा फोन आला, तोही मला. "आई, बाबा बरे आहेत ना गं? सकाळपासून एकदाही फोन नाही."

"ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "तिसरा चहा चाललाय."