इकडे पाहू नये

"ही खिडकी कुणी बुजवली?" तपासणीला आलेल्या अंगदरावांनी विचारलं, आणि पथकातल्या सगळ्यांनी बाथरूमच्या दारातून माना आत घातल्या.

खिडकीत एक छोटी गादी घट्ट बसवलेली होती. खिडकीच्याच मापाची, जुन्या लुगड्याची, कडेने बारीक टाके घातलेली. वाऱ्याला आत यायला फट म्हणून नव्हती. खाली भिंतीला गॅसचा गिझर. गेल्या आठवड्यात भाडेकरू मनकर्णाबाईंची मुलगी संस्कृती इथेच आंघोळ करताना बेशुद्ध पडली. दार तोडून तिला बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, गॅस कोंडला होता, जरा उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती. म्हणून तर भाड्याच्या खोल्या तपासणारं पथक आज आलं होतं.

पथक मोठं सभ्य होतं. भाडेकरूच्या खासगीपणाचा मान राखा, असा त्यांना वरून आदेश होता. त्यामुळे आत पाऊल टाकण्याआधी त्यांनी दोरीवरचे कपडे झाकायला लावले. मग कॉट झाकायला लावली. मग भिंतीवरच्या फोटोत हार घातलेले मनकर्णाबाईंचे यजमान होते, त्यांच्यावरही टॉवेल टाकला. एवढं सगळं झाकून झाल्यावर त्यांनी बाथरूमचे फोटो काढायला घेतले.

"मी सांगून सांगून थकलो, साहेब," घरमालक कानिफनाथ अण्णा म्हणाले. "हवा खेळती ठेवा म्हटलं. ऐकतंय कोण? उद्या काही झालं तर नाव आमचं खराब."

तिसगाव सोडून मनकर्णाबाई इथे लोकांच्या पोळ्या लाटत राहिल्या होत्या, ते संस्कृतीच्या नर्सिंगसाठी. कॉलेजच्या जवळ मायलेकींना खोली देणारं हे एकच घर निघालं होतं. तोंड उघडलं तर खोली जाणार होती, मिटलं तर पोरगी.

"गादी आमची न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. "आमी ऱ्हायला आलो तवा खिडकीतच हुती. मी काढली. मग परत बसवली."

"का?"

"जिन्यावरून दिसतं."

गच्चीचा जिना खिडकीला खेटूनच होता. नेमक्या तिथल्या पायऱ्यांवर अण्णांनी मोगऱ्याच्या कुंड्या मांडल्या होत्या, आणि आंघोळीच्या वेळेलाच त्या मोगऱ्याला फार तहान लागायची.

अण्णांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "बापाच्या वयाचा माणूस मी. आता झाडाला पाणी घालायचीही चोरी?"

"आरोप नको. खात्री करू," अंगदराव म्हणाले. त्यांनी गादी उपटली. "बाई, तुम्ही आत उभ्या राहा. किती दिसतं ते कळलं पाहिजे."

मनकर्णाबाई गिझरखाली उभ्या राहिल्या. अंगदराव जिन्यावर गेले. "दिसतं," बाहेरून आवाज आला. मग पथकातल्या दुसऱ्याने खात्री केली. मग तिसऱ्याने. चौथा बुटका होता, त्याला अण्णांनी कुंडी बाजूला करून वरची पायरी मोकळी करून दिली. त्यालाही दिसलं.

मनकर्णाबाईंना तेवढ्यातही बरं वाटलं. आपण खोटं बोलत नाही, हे निदान सरकारी डोळ्यांनी बघितलं होतं.

"तक्रारीत तथ्य आहे," अंगदराव परत येऊन म्हणाले. "पण खिडकी उघडीच राहील. जीव आधी."

"आन् लाज, साहेब?"

"तिचीही सोय करतो ना. मालक, जिन्यावर एक पाटी लावा. इकडे पाहू नये."

अण्णांनी हात जोडले. "आजच लावतो. बाण काढू का साहेब? इकडे म्हणजे नक्की कुठे, ते लोकांना कळायला?"

अंगदरावांनी थोडा विचार केला. "काढा," ते म्हणाले.

गादी धोकादायक वस्तू म्हणून जप्त झाली. संध्याकाळपर्यंत पाटी लागली. लाल अक्षरं, ठळक बाण. आजवर मान खाली घालून गच्चीवर जाणारे इतर भाडेकरूही आता पाटीपाशी थांबायचे, वाचायचे आणि बाणाच्या दिशेने बघायचे.

संस्कृती कॉलेजातून आली. तिने पाटी वाचली, आत आली आणि कॉटखालची बॅग ओढली. "आई, आपण गावाला जाऊ. ऱ्हाऊ दे नर्सिंग."

तेवढ्यात दार वाजलं. दारात लंकाबाई होत्या, अण्णांची बायको. एवढ्या महिन्यांत त्यांचा आवाज या मायलेकींनी ऐकला नव्हता. पदराआडून त्यांनी एक नवी गादी काढली, कुणाला न विचारता बाथरूममध्ये गेल्या आणि खिडकीत बसवली. माप घ्यावं लागलं नाही. गादी पहिल्या झटक्यात बसली.

"वरच्या अंगाला मच्छरदानीची जाळी लावलीय," त्या संस्कृतीकडे न बघता म्हणाल्या. "हवा जाईल, नजर येनार न्हाई. आदीच्या समद्या पोरी बाहेर चुलीवर पानी तापवायच्या गं, म्हनून जाळीचं मला कदी सुचलंच न्हाई."