बाबांचं नाक

कॉफीच्या चक्कीचा खण भुकटीने भरत आला आणि नेमकी तेव्हाच आतल्या खोलीत ठमाबाई जागी झाली.

"तू जा. पाण्याकडे मी बघतो," सासरे खिडकीजवळच्या स्टुलावरून म्हणाले.

चक्की तशीच ओट्यावर ठेवून ती आत धावली. परवापासून ती कामावर रुजू होणार होती, आणि तान्ह्या ठमाबाईला पाळणाघरात ठेवायचं की आजोबांच्या हवाली करायचं, याचं उत्तर आज दुपारच्या आत द्यायचं होतं. नवरा "तू ठरवशील ते" म्हणून पिशव्या घेऊन बाजारात पळाला होता. ठरवण्याची वेळ आली की त्याला भाजी आठवते.

लेकीला खांद्यावर टाकून ती परतली, तर पाण्याला आधण आलेलं आणि सासरे बर्नरचं बटण फिरवून बघत होते. एकदा, मग पुन्हा एकदा.

"बंद आहे हो, बाबा."

"असू दे. हाताला कळलेलं बरं असतं."

हे तिला फार आवडलं. तिला स्वतःला कुलूप लावल्यावर जिन्यातून परत येऊन ओढून बघायची सवय होती. नवरा हसायचा. बाबा कधी हसले नव्हते.

बाबांची सगळी नोकरी कॉफी चाखण्यात गेली होती. कप ओठाला लावायच्या आत बी कुठल्या मळ्यातली ते सांगायचे, म्हणतात. घरात त्या नाकाचा दरारा होता. ठमाबाई पोटात असताना एकदा वाऱ्याने गॅस विझला होता आणि ती इथेच, जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून झोपली होती. बाबा खालून वर येत होते. दुसऱ्या मजल्यावर त्यांना वास आला आणि उरलेला जिना ते पळत चढले. ती दुपार आठवली की आजही ती गॅसकडे एकदा बघून घेई, आणि मागोमाग तिला निवांतही वाटे. असा माणूस घरात असताना पाळणाघर कशाला?

पण मन एका जागी ठरेल तर शपथ. थंडीत तापाने झोपून उठल्यापासून बाबा जरा उतरले होते. सगळंच अळणी लागतं म्हणायचे. तिने मिठाची बाटली त्यांच्या ताटाजवळच ठेवायला सुरुवात केली होती.

"बाबा, या दुधाचा वास घ्या ना. सर्दीने माझं नाक पार बंद आहे."

बाबांनी पातेलं उजेडात धरलं, तिरकं केलं, कडेची साय निरखली. "तापवून बघू. नासलं असेल तर फाटेल. उगाच अंदाज कशाला?"

ती मनातल्या मनात खूश झाली. तिची आईसुद्धा एवढी काळजी घेत नसे.

तिने लेकीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि स्टीलच्या फ्रेंच प्रेसमध्ये, म्हणजे कॉफी मुरवून दट्ट्याने गाळ तळाशी दाबायच्या भांड्यात, आधणाचं पाणी ओतलं. वाफेने चष्मा पांढराफेक झाला. चाचपडतच तिने झाकण बसवलं आणि दट्ट्या वर ठेवून पदराने काचा पुसायला घेतल्या.

"हिचं बदलायला झालं असेल," बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले आणि लंगोटाची कड उचकून आत डोकावले. "झालंच आहे."

"बघायला कशाला लागतं? तुमचं नाक काय रजेवर गेलंय का?"

"निवृत्त झालंय," बाबा म्हणाले. दोघंही हसली. ठमाबाईही हसली, कारण आजोबांचं पोट हलत होतं.

त्यांनी लंगोट बदलला. सावकाश, नीट, एक हात सतत बाळाच्या पोटावर ठेवून. ती बघत राहिली. असा हात पाळणाघरात कुठून मिळणार?

"आपली कॉफी मुरली का बघा," ती म्हणाली. "आज दोघांच्या वाटचा वास तुम्हीच घ्यायचा."

बाबा हात धुऊन आले आणि प्रेसच्या चोचीवर वाकले. डोळे मिटून त्यांनी छाती भरून श्वास घेतला, नोकरीत घेत असतील तसा. बराच वेळ ते तसेच राहिले.

"वा," ते म्हणाले. "भाजलेल्या बदामासारखा. सूनबाई, आज जमली तुला."

एवढ्या महिन्यांत ते असं पहिल्यांदाच बोलत होते. एरवी पाणी फार कढलं, बी फार बारीक दळली, काहीतरी निघायचंच. तिच्या मनातली उरलीसुरली गाठही सुटली. तिने फोन उचलला.

"आम्हाला जागा नको," ती पाळणाघरवाल्या बाईंना म्हणाली. "हो, पक्कं. बाळाचे आजोबा आहेत घरी."

"दुसऱ्या कुणाला दिली तर परत मिळायची नाही बरं का."

"द्या तुम्ही. खुशाल द्या."

बाबांनी नातीला पुन्हा मांडीवर घेतलं. ठमाबाईच्या टाळूवर हनुवटी टेकवून खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचे डोळे पाणावलेले तिला दिसले आणि तिचेही भरून आले.

तिने दट्ट्यावर तळवा ठेवला. रोज तो अर्ध्यात अडून बसायचा, आणि बी रवाळ दळली की दट्ट्या भांडत नाही, असं बाबा रोज सांगायचे. आज तो लोण्यातून जावा तसा अलगद तळाला गेला.

"बघा, बाबा, भांडला नाही," ती म्हणाली आणि त्यांचा कप पुढे ओढून तिने प्रेस वाकवला.

चोचीतून कपात पडलं ते नितळ, वाफाळतं पाणी होतं.