वाकडा दिवा

"बाबा, दिवा परत वाकडा झालाय. अर्धा उजेड माझ्याच तोंडावर येतोय," रीका सायकलवरून ओरडली.

"असू दे. मला दिसतंय," मार्टेन म्हणाला आणि त्याने ग्रंथाचं पान उलटलं.

सायकल जागच्या जागी होती. मार्टेन सुतार. त्याने लाकडाची घोडी करून मागचं चाक उचललं होतं आणि सायकल स्वयंपाकघरातच उभी केली होती. टायर कधीच फाटला होता. त्याच्या जागी बागेला पाणी घालायच्या नळीचा तुकडा ताणून बसवला होता. त्यावर डायनॅमो घासला की गुरगुर सुरू होई आणि खुर्चीच्या पाठीला बांधलेला दिवा लागे. युद्धामुळे डेल्फ्ट शहरातली वीज थंडीच्या आधीच गेली होती. मेणबत्त्या सोन्याच्या भावाने मिळत होत्या. जर्मन मात्र अजून गेले नव्हते. उजेड हवा तर कुणीतरी पाय मारायचे, आणि त्या घरात चालते पाय रीकाचेच उरले होते.

ती एकोणीस वर्षांची होती. उजाडायच्या आत बाहेर पडायची. सूपच्या रांगेत उभी राहायची, मग दूरच्या शेतांवर दारोदार फिरायची आणि अंधार पडताना परतायची. मिळेल ते उकडायचं, बहुतेक करून ट्युलिपचे कंद. ते खाल्ले की अध्याय. जेवणानंतर धर्मग्रंथातला एक अध्याय वाचल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, ही त्या घराची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बशीत काही असो वा नसो.

शेजारीण तिला रोज शहाणपण शिकवायची. "अगं, दोन कंद खातेस आणि चार कंदांचे पाय मारतेस? पांघरुणात पडून राहा गुमान!"

रीकालाही ते पटत होतं. त्यात सध्या ग्रंथात वंशावळी चालल्या होत्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. देवाधर्माचं सोडाच, त्यात साधी गोष्टसुद्धा नव्हती.

"उरका की लवकर, बाबा," ती कपाळाला आठ्या घालून खेकसायची. "ह्या मेलेल्यांच्या नावांनी कुणाचं पोट भरलंय का?"

मार्टेन पुढचं नाव वाचायचा.

आई भिंतीतल्या कोनाड्यात पडलेली असे. तिथेच तिचा बिछाना. कोनाड्याची लाकडी दारं महिन्यापूर्वीच शेगडीत गेली होती, तरी आत काळोखच होता. बाहेरून तिचं तोंड दिसत नसे. भुकेने तिचं अंग सुजलं होतं आणि बोलणं थांबलं होतं. रीकाचे पाय मंदावले आणि दिवा मिणमिणला की आई बिछान्याच्या फळीवर बोटं वाजवायची. टक, टक. आईला अध्यायाची ओढ, त्यात खंड पडलेला तिला खपत नाही, असं रीकाला वाटे. मग ती मुकाट्याने पाय जोरात मारायची.

त्या दिवशी बर्फातून वणवण करून तिला दोनच सलगम मिळाले होते. पोटऱ्यांत गोळे येत होते. डोळ्यांत दिव्याचा उजेड खुपत होता. तिने हात लांबवून दिवा ग्रंथाकडे वळवला. मार्टेनने मान वर न करता तो परत होता तसा, तिच्या तोंडाकडे फिरवला.

रीकाचं डोकंच फिरलं. तिने पाय थांबवले.

डायनॅमोची गुरगुर बंद झाली. दिवा विझला. खिडक्यांना काळा कागद लावलेला, त्यामुळे हातसुद्धा दिसेना. आणि त्या मिट्ट काळोखात मार्टेन वाचतच राहिला. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. एक नाव चुकलं नाही, एकदा अडखळला नाही.

"तुम्हाला पाठ आहे!" रीका किंचाळली. "सगळं पाठ आहे! मग मला का घाण्याला जुंपलंय?"

मार्टेन थांबला. कोनाड्यात टकटक सुरू झाली होती. अध्याय चालू असतानाच सुरू झाली होती, हे रीकाच्या आता लक्षात आलं.

मार्टेन टेबलाला धरून, पाय ओढत, चाचपडत तिच्याजवळ आला. त्याने तिच्या हँडलवरच्या हातावर हात ठेवला.

"हळू बोल," तो कुजबुजला. "आईला ऐकू येतं. पोरी, दिवा ग्रंथासाठी नव्हता कधी."

"मग?"

"ती बोलत होती तेव्हाच मला म्हणाली. दिवसभर रीका घरात नसते. संध्याकाळी उजेड तिच्या तोंडावर पडू दे. आता फार दिवस नाहीत माझे, आहे तोवर बघून घेते."

"मला का नाही सांगितलंत?"

"तीच नको म्हणाली. सांगितलंस तर पोरगी रडकं तोंड करून बसेल, म्हणाली. मला तिचं रोजचं तोंड बघायचंय. आठ्या घातलेलं."

टक, टक, टक. बोटं आता घाईने वाजत होती.

रीकाने काय ते अंधारातच रडून घेतलं. बाहीने तोंड खसाखसा पुसलं आणि पायांनी पेडल शोधलं. डायनॅमो गुरगुरला. दिवा आधी लालसर, मग पिवळा झाला आणि तिच्या तोंडावर उजेड पडला. कोनाड्यातली टकटक थांबली.

तिने तोंड नीट कोनाड्याकडे वळवलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि रोजच्याइतक्याच जोराने खेकसली, "उरका की लवकर, बाबा! ह्या मेलेल्यांच्या नावांनी कुणाचं पोट भरलंय का?"