मैदागिनला पोचायचं होतं

सत्त्याण्णव साली केयूर आणि त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी पायडलवर चालणाऱ्या गाडीसाठी फायबरग्लासचं माणूसभर लांब कवच ब्रह्मा घाटावरच्या त्याच्या घरी बनवलं. स्पर्धेला निघताना, मैदागिनच्या मोठ्या रस्त्यावर थांबलेल्या ट्रकपर्यंत न्यायला, ते पांढऱ्या चादरीत गुंडाळून चौघांनी खांद्यावर घेतलं, पण गल्ली माणसांनी खच्चून भरली होती.

“मैदागिनला ट्रक थांबायचा नाही रे! वर्षभराची मेहनत गेली,” त्यांच्यातली देवश्री रडकुंडीला आली.

केयूर जिवाच्या आकांताने ओरडला, “राम नाम सत्य है!”

गर्दी झटकन दुभंगली. लोकांनी हात जोडले. “थक गए होगे, बेटा,” म्हणत चार अनोळखी माणसांनी पुढे होऊन खांदा दिला आणि ती माणसं कवच घेऊन झपाझप चालू लागली.



चौकात मुलं मैदागिनकडे वळली. कवच मात्र रामनामाच्या घोषात मणिकर्णिकेच्या स्मशानाकडे निघालं.