पाठ असलेलं वाक्य

"बाबा, 'लीव्ह द वॉटर' नाही. 'ऑफर द वॉटर' म्हणा."

उद्धवगुरुजींनी हातातली पळी ताम्हनात आपटली. "सोडायचंच असते ना ते पाणी! काहून टोकून राहिली तू मले?"

अदिती लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसली होती. मांडीवर इंग्रजी शब्दांची दोन पानी यादी. पडद्यावरच्या यजमानाने, मँचेस्टरच्या सौमित्रने, आठ दिवस आधीच निरोप दिला होता, वडिलांच्या वर्षश्राद्धात प्रत्येक गोष्ट साध्या, रोजच्या इंग्रजीत सांगा. बायको तिकडची, मुलीला मराठी येत नाही, आपण काय करतोय ते दोघींना कळलं पाहिजे. गेल्या वर्षी त्याचे वडील, वामनराव वकील, गेले तेव्हा तो वेळेत पोचला नव्हता. अग्नी चुलतभावाने दिला, अस्थीही त्यानेच कौंडण्यपूरला सोडल्या. निदान हे तरी आपल्या हातून नीट व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. म्हणणं रास्त होतं, म्हणून तर गुरुजींना नाही म्हणवलं नाही. आणि आता जीव मेटाकुटीला आला होता.

चाळीस वर्षं ज्यांचा शब्द अमरावतीत कुणी खाली पडू दिला नाही, त्यांना आज पोटची पोर शब्दाशब्दाला अडवत होती. जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला सांगताना ते "थ्रेड, अदर साइड" म्हणाले, तर तिने कपाळाला हात लावला. दर्भाला 'ग्रास' म्हणाले, तर म्हणे ते लॉनवरचं वाटतं.

"मग लॉनवरचंच समजू दे त्याईले!" गुरुजी पुटपुटले. बायको-पोरीला एकवेळ कळेल, पण असंच चाललं तर मंत्र कुठे सोडला होता ते त्यांना स्वतःलाच कळणार नव्हतं.

एकच इंग्रजी वाक्य त्यांच्या हुकमतीत होतं. लॉकडाऊनमध्ये फोनवरून पूजा सांगता सांगता ते पाठ झालं होतं. आज सुरुवातीलाच सौमित्रचे ओठ हलले आणि आवाज आला नाही, तसं गुरुजींनी ते झोकात टाकलं होतं, "यू आर ऑन म्यूट." अदितीला त्यात काढायला खोट सापडली नव्हती. तेव्हापासून गुरुजी पुन्हा तशी संधी कधी येते याचीच वाट पाहत होते.

"आता उजव्या हातात पाणी घ्या. वॉटर, ब्लॅक तीळ." त्यांनी अंगठा आणि तर्जनीमधली जागा कॅमेऱ्याला दाखवली. "फ्रॉम हिअर. ऑफर." अदितीकडे डोळे वटारून झाल्यावर ते पुढे म्हणाले, "पण आधी नाव घ्यायचं. से फादर्स नेम. मोठ्यानं."

सौमित्र मघापासून शेजारी बसलेल्या बायकोला आणि मुलीला 'माय फादर, माय फादर' करत समजावत होता. त्याने हातात पाणी घेतलं, तोंड उघडलं. मग डावा हात पटकन पुढे आला आणि आवाज गेला. पडद्यावर त्याच्या नावाजवळच्या माइकवर लाल काट आली.

त्याचे ओठ हलत होते. खांदेही हलत होते. हातातलं पाणी कुठूनही सांडत होतं.

"बाबा, तो म्यूटवर आहे," अदिती कुजबुजली आणि त्यांना कोपराने ढोसलं. "सांगा ना. तुमचंच वाक्य आहे."

वाक्य जिभेवरच होतं, अगदी बिनचूक. गुरुजींनी ते गिळलं.

"बाबा!"

"चूप बस. नाव घेऊन राहिला तो बापाचं."

पडद्यावरची लहान पोर बापाला चिकटून बसली. तिने काही विचारलं नाही. इकडे अदितीचं बोट यादीतल्या पुढच्या शब्दावर तयार होतं. गुरुजींनी तिकडे पाहिलं नाही. वाकून त्यांनी आपलाही माइक बंद केला आणि मंत्र पुढे सुरू ठेवला.